कागदी दादा

ही माझी सख्खी धाकटी बहीण. आर्किटेक्ट. म्हणजे अजून शिकतेय, पण मी आत्तापासूनच आर्किटेक्ट म्हणतो, कुणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी ती पहिली. मी आठवीत शाळा सोडली आणि दुकानांची शटरं दुरुस्त करायला लागलो. उंची अशी, की स्टूल न घेता वरच्या गुंडाळीला ग्रीस लावतो. अख्ख्या बाजारात असा दुसरा शटरवाला दाखवा! ती मात्र जेमतेम माझ्या कोपरापर्यंत येते, म्हणून घरात तिचं नाव बटण.

बटण कशालाच घाबरत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. पण या हिवाळ्यात तिला घाबरलेलं पाहिलं.

त्यांच्या कॉलेजचा नियम असा की हिवाळी सुट्टीत एखाद्या ऑफिसात काम करायचं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. ती केली नाही तर पुढच्या वर्षात बसू देत नाहीत. वर्गातल्या कुणाचा मामा आर्किटेक्ट, कुणाच्या वडिलांचा मित्र बिल्डर. आमच्या ओळखी सगळ्या शटरांच्या. मी म्हटलं, "अगं, ज्या ज्या ऑफिसचं शटर मी सरळ केलंय, तिथे सांगून ठेवतो."

"दादा, तू कुठेही तोंड उघडू नकोस. पाया पडते तुझ्या."

ती रोज ऑफिसांना मेल पाठवायची. कुणी उत्तरच देत नव्हतं, कुणी 'जागा भरली' म्हणायचं. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला की जास्तच. जेवताना घास हातातच राहायचा. आणि मी इकडे बाजारभर सांगून बसलेलो, ऑफिसवाले हात धुऊन तिच्या मागे लागलेत! आता ती घरी बसली असती तर मी तोंड कुठे लपवणार होतो?

सुट्टी अगदी तोंडावर आली आणि एका मॅडमचा मेल आला. तू मेलमध्ये पाठवलेलं वाचनालयाचं चित्र आवडलं, उद्या दुपारी पोर्टफोलिओ घेऊन ये. पोर्टफोलिओ म्हणजे तिनं आजवर काढलेल्या नकाशांचं बाड.

त्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे कागद. मधोमध ते वाचनालय. इमारत सुरीनं उभी कापली तर आतलं जसं दिसेल, तसं चित्र. शाईनं, हातानं काढलेलं. अशा चित्रात माणसं लागतात, म्हणजे खोली केवढी ते कळतं. तर बटणानं माझाच फोटो छोटा करून, कापून ठेवलाय. तिच्या प्रत्येक इमारतीत मी आहे. दवाखान्यात मी, शाळेत मी, बसथांब्यावरही मीच. कुणाच्या भावाला हा मान आहे सांगा! वाचनालयात मात्र मी जिन्याखाली, एका कपाटाशेजारी.

"मला कोपऱ्यात का उभं केलंस? चोर आहे का मी? जिन्यात मधोमध चढव की. मॅडमना दिसू दे."

"दादा, गप रे."

"एवढी एक हौस पुरव."

कितीतरी दिवसांनी ती हसली. दुसरा एक कागदी मी घेतला, पाठीला गोंद लावला आणि जिन्यात चिकटवला. आणि तिचं हसू तिथेच गोठलं.

माझं डोकं वरच्या स्लॅबमध्ये घुसलं होतं.

"मी थेट वरच्या मजल्यात की गं!" मी हसत सुटलो. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जिना चुकलाय," ती म्हणाली. "वरचा स्लॅब इथपर्यंत यायलाच नको. चढणाऱ्याचं डोकं आपटणार."

"मी उंच आहे म्हणून. साधा माणूस..."

"साधा माणूसही आपटेल, दादा."

एवढं चित्र काढलं, सरांनी पाहिलं, मैत्रिणींनी पाहिलं. कुणाला दिसलं नाही, कारण तिनं त्या जागी कधी कुणाला उभंच केलं नव्हतं.

"काढ मला तिथून."

तिनं नखानं सोलायला घेतलं, तर माझ्याबरोबर खालचा कागदही निघायला लागला. तिनं घाबरून मला परत दाबून बसवलं.

"हे पान नेऊच नकोस."

"हेच बघून बोलावलंय ना! मेलमध्ये तू नुसता कपाटाशेजारी होतास." तिनं कागद गोळा करायला घेतले. "आता संपलं सगळं."

दुसऱ्या दिवशी माझं शटरदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून मी तिच्याबरोबर गेलो. ऑफिस वरच्या मजल्यावर, जिना अंधारा, अरुंद. ती पुढे गेली. मी मागून निघालो आणि धाड! कपाळ तुळईवर. डोळ्यांपुढे काजवे. आवाज ऐकून मॅडम स्वतः दारात आल्या.

"लागलं? भाड्याची जागा आहे हो. रोज कुणीतरी आपटतं."

"काही नाही, आमचं डोकं दणकट आहे," मी म्हटलं. बटणानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं बाहेरच्या खुर्चीत बसलो.

दार अर्धवट उघडं होतं. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग थांबला. माझ्या छातीत कुणीतरी शटर ओढत होतं.

"मेलमध्ये हे वेगळं होतं," मॅडम म्हणाल्या. "या माणसाचं डोकं कुठंय?"

मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं सांग, घाईत वाकडा चिकटला म्हणून सांग!

"स्लॅबमध्ये, मॅडम. माझा जिना चुकलाय. मलाही कालच कळलं. दादानं हट्ट केला म्हणून त्याला तिथे चिकटवलं, तेव्हा."

"आणि चिकटवलं नसतं तर?"

"कळलंच नसतं."

"दादा म्हणजे बाहेर कपाळ चोळतायत ते?"

"हो."

बाड मिटल्याचा आवाज आला. "बरं. कळवते."

बस, एवढंच. घरी आईनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या तिनं विचारलं, "दादा, खोटं बोलायला हवं होतं का रे?" मी तिच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या किल्ल्या शोधत होतो, तेवढ्यात फोन वाजला. बटणानं तो गरम पातेल्यासारखा माझ्या हातात टाकला. "तू घे, तू घे!"

"कपाळ कसंय?" मॅडम होत्या.

"एकदम ठणठणीत!"

"मग बहिणीला आजच पाठवा. आधी तिचा जिना नव्यानं काढायचा, माझ्यासमोर बसून. मग आमच्या नकाशांतले सगळे जिने तपासायचे. आणि तो कागदी माणूस बरोबर आण म्हणावं."

मी काही बोलणार, तेवढ्यात बटणानं फोन हिसकावला आणि नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली. आई पदराला डोळे पुसत होती.

मी तिला गाडीवरून सोडलं. "वर येऊ नकोस," तिनं बजावलं. मी खाली उभा राहिलो. ती जिना चढली. मी जिथे आपटलो होतो तिथे थांबली, टाचा उंचावल्या आणि डोकं तुळईला लावून पाहिलं. टेकलं नाही. मग ती आत गेली.