फटफटीची बॅटरी

वडील गेले त्या दिवशी सिरसाळ्यात सकाळपासून वीज नव्हती. खिडकीत त्यांचा रेडिओ चालू होता.

त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र इन्व्हर्टरवर चाले. त्याच इन्व्हर्टरवर रेडिओ लावला की शॉर्टवेव्हवर नुसती घरघर येई, आणि दूरदेशीच्या बातम्यांशिवाय वडिलांना आता काही नको होतं. इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यानं ती घरघर ऐकली आणि आपल्या फटफटीची बॅटरी काढून रेडिओला जोडली. उतरली की तो ती दुकानात नेऊन चार्ज करून आणी. बोलताना तो माणसाकडे नाही, तारांकडे बघे.

"कावून बे, गाडी ढकलीत आणली?" वडील विचारायचे.

"पोट कमी करायलोय, काका."

त्या दिवशी तो आला तेव्हा लोक रेडिओ बंद करा म्हणत होते. त्याची बॅटरी परत द्यावी म्हणून मी तार सोडवायला गेलो. त्यानं माझा हात धरला.

"राहू द्या. उतरंल तवा उतरंल."

आवाज बारीक होत थांबला, तोवर तो खिडकीशी उभा होता.

बॅटरी तिथंच आहे. तो अजून गाडी ढकलून सुरू करतो.