फायनलच्या आदल्या दिवसाचा फळा

बालाघाटच्या त्या कॉलेजात सहा प्रिन्सिपॉल आले अन् गेले, पण बास्केटबॉलच्या कोर्टाजवळचा काळा फळा एकाच माणसाच्या हाती राह्यला. हिरालाल त्याचं नाव. नोकरीच्या कागदावर तो ग्राउंडमन. कोर्ट झाडायचं, रेषा रंगवायच्या, बॉलमंधी हवा भरायची, जाळी फाटली तर शिवायची, एवढंच त्याचं काम. फळ्याचं काम त्याले कोणीच सांगतलं नव्हतं. बावीस वर्षांआधी एका टुर्नामेंटच्या टायमाले क्रीडा विभागाचा बाबू सुटीवर गेलता, अन् उद्या कोणाची मॅच कोणासंग आहे हे लिहाले माणूस नव्हता. हिरालालनं खडू घेतला. दोन टीमची नावं लिहिली, टाइम लिहिला. खाली जागा उरली, म्हणून डोळ्यानं पाह्यलं होतं ते लिहून टाकलं: 'शिवनीचा उंच पोट्टा उडी चांगली मारते, पण खाली आल्यावर बॉल कोणाले देऊ ते त्याले समजत नाही.'

दुसऱ्या दिवशी डिट्टो तसंच झालं. मंग काय, टुर्नामेंट आली का संध्याकाळी पाच वाजता फळ्यापुढं गर्दी. पोट्टे-पोट्टी आपल्याबद्दल काय लिहिलं ते पाह्याले येत, दुसऱ्याबद्दल वाचून हासत, अन् आपलं वाचून हिरालालसंग भांडत. फळा हिंदीत असायचा, कारण छिंदवाड्याकडच्या पोट्ट्यायले मराठी कुठून येईन. पण हिरालालची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त 'आहे'च्या जागी 'है'. त्याचं लिहिणं आपल्या बोलीत सांगायचं तं असं: 'लालबर्रा विरुद्ध वारासिवनी. लालबर्र्याच्या पोरी पहिल्या दहा मिनिटांत सारा दम खर्चून टाकतात. वारासिवनीनं तेवढा वेळ फक्त पाय रोवून उभं राहावं.' एका साली त्यानं लिहिलं, 'प्रिन्सिपॉलसाहेबाचा भाचा दुरून निशाणा मारते तो बास्केटसाठी नाही, गॅलरीतल्या पोरींसाठी. मारू द्या त्याले.' त्या साली हिरालालले महिनाभर मागच्या गोदामात मोडक्या बेंचांजवळ बसवलं. तो बसला. फळा पुसला नाही.

त्याचा एकच कायदा होता. मैदानावर दिसलं ते लिहायचं. चहाच्या टपरीवर, होस्टेलात, घरात कानावर आलेलं लिहायचं नाही. अन् लिहितानी आपलं-परकं पाहायचं नाही. कॉलेजात सारे म्हणत, हिरालालसारखा इमानदार माणूस नाही. शिपायापासून प्रोफेसरापर्यंत हे म्हणत. दुसरं काही कोणी दिलं नाही त्याले, हेच दिलं. अन् त्याले त्याची चटक लागलती, जशी एखाद्याले तंबाखूच्या खर्र्याची लागते.

हिरालालचा लहान भाऊ महेंद्र लवकर मेला. त्याची बायको रुख्माबाई अन् पोरगी संघमित्रा, दोघी त्याच आंगणात राहत. हिरालालले लेकरू नव्हतं, बायको राह्यली नव्हती. संघमित्रा पाच वर्षांची असतानी तिच्या या मोठेबाबानंच तिले कोर्टावर आणलं, फाटका बॉल शिवून दिला. पोरगी हाडानं चिवट निघाली. उंची फार नाही, पण बॉल हातात आला का समोरच्या पोरीले कळतच नव्हतं का ही कोणत्या बाजूनं निघाली. कॉलेजच्या टीममंधी तिच्या ड्रेसवरचा नंबर सहा. यंदा तिचं शेवटचं वर्ष. फायनलले युनिव्हर्सिटीचे सिलेक्टर येणार होते. युनिव्हर्सिटीची टीम खेळली का खेळाच्या कोट्यातून नोकरीचा फॉर्म भरता येते, हे तिच्या डोक्यात तीन वर्षांपासून बसलं होतं. दुसरा रस्ता तिले माहीत होता, तो रस्ता म्हणजे आईसंग लोकायच्या शेतात, बांधीतल्या चिखलात वाकून धानाचं रोवणं.

क्रीडा अधिकारी राजेंद्र सर. त्यायच्या साळ्याची पोरगी रूपाली बी टीममंधी होती, पण बेंचवर. सरांले ते खुपत होतं, पण करतीन काय. संघमित्राले बसवायचं तं काही कारण पाह्यजे, अन् कारण म्हणून बोट ठेवाले पोरीनं जागाच सोडली नव्हती.

सेमीफायनल मंगळवारी झाली. बालाघाटनं वारासिवनीले हरवलं, संघमित्रानं एकटीनं बावीस पॉइंट केले. त्या संध्याकाळी हिरालाल आंगणात आला तं रुख्माबाई तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करत होती अन् पोरगी पाय लांब करून बसली होती. डावा गुडघा सुजला होता. रोवण्याच्या दिवसांत बांधीत पाय मुरगळला होता, तोच पुन्हा दुखाले लागलता.

"मोठेबाबा, कोणाजवळ बोलू नका," संघमित्रा म्हणाली. "चाळीस मिनिटं आहेत. निघून जातीन."

"डॉक्टरले दाखवलं का?"

"फायनल झाली का जातो. आता गेलो तं तो म्हणन, बस घरी." मंग ती हासली. "अन् फळ्यावर तं लिवूच नका, हं."

"घरातलं म्या कधी लिवलं का?" हिरालाल म्हणाला.

बुधवारी आराम होता, संध्याकाळी नुसती प्रॅक्टिस. हिरालाल चहाले गेला तं महागू वाटच पाहून राह्यला होता. महागू कॉलेजच्या गेटवरचा चहावाला, जीभ त्याची किटलीपेक्षा गरम.

"का गा हिरालाल," तो म्हणाला, "पुतणी फायनलले गेली. आता तुहा खडू गुळगुळीत होईन."

"खडू तोच आहे."

"पाहू न. बावीस वर्षं लोकायच्या लेकरायची खोड काढली. आता घरचं लेकरू आहे. आता लिवशीन, सहा नंबर म्हणजे विजेचा कडकडाट."

बाकावरचे चार-पाच जण हासले. त्यात कॉलेजचा एक बाबू होता, तो हिंदीत म्हणाला, "अरे, इंसान है. अपनों के लिए तो कलम फिसलती ही है."

एवढंच झालं. यापेक्षा काही मोठं झालं नाही. चार माणसं चहा पिता पिता हासली.

हिरालालनं चहा अर्धा सोडला अन् कोर्टावर आला. हातात तेलाची डबी घेतली, पोलच्या नटबोल्टाले तेल द्यायचं निमित्त केलं अन् पोलमागं उभा राह्यला. संघमित्रा बास्केटखाली धावत येई, उडी मारे, बॉल टाके. तो बॉलकडं पाहत नव्हता. पायाकडं पाहत होता. एक बार उतरली, उजव्या पायावर. दुसऱ्या बारीले उजव्या. तिसऱ्या बारीले बी उजव्या, अन् डावा नुसता टेकवला. चवथ्या बारीले तिनं त्याले पाह्यलं. मोठेबाबा आपला खेळ पाहून राह्यले म्हणून खुश झाली, अन् त्याले दाखवाले अजून एक उडी मारली, आधीपेक्षा उंच.

आता हे मैदानावर दिसलं होतं. आता हे घरातलं नव्हतं. हिरालालनं आपल्या मनाले असं समजावलं, अन् मन समजलं, कारण त्याले तेच पाह्यजे होतं.

पाच वाजता त्यानं लिहिलं:

'फायनल. बालाघाट विरुद्ध मलाजखंड. सकाळी दहा. मलाजखंडच्या पोरी एकाच कॉलनीत लहानाच्या मोठ्या झाल्या, न पाहता एकमेकींले पास देतात. त्यायची ज्योत्स्ना खाली आलेला बॉल सोडत नाही. बालाघाटचा सारा खेळ सहा नंबरवर. सहा नंबर डाव्या पायावर उतरत नाही. गुडघ्यात दुखणं आहे. डावीकडं रेटली तं अडकन.'

इथपर्यंत लिहून तो थांबला. मागं महागू येऊन उभा होता. तो वाचत होता. मंग हिरालालनं खाली, फळ्याच्या अगदी काठाले, बारीक अक्षरात लिहिलं: 'तरी मॅच बालाघाटची. सहा नंबर एका पायावर बी ज्योत्स्नाले भारी आहे.'

"मानलं गा," महागू म्हणाला. "माणूस आहे का दगड आहे तू."

त्या संध्याकाळी हिरालाल ताठ मानेनं घरी गेला. संघमित्रा लवकर झोपली होती. फळा तिनं पाह्यला नव्हता. प्रॅक्टिस झाल्यावर गुडघा शेकाले ती मागच्याच गेटनं घरी आलती.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता राजेंद्र सरांनी टीमले फळ्यापुढं उभं केलं. हिरालाल दहा पावलांवर कोर्ट पुसत होता. सरांनी मोठ्यानं वाचलं, 'डाव्या पायावर उतरत नाही, गुडघ्यात दुखणं आहे,' अन् 'अडकन'वर थांबले.

"संघमित्रा, तू बैठेगी. छह नंबर की जगह रूपाली."

पोरगी आधी फळ्याकडं पाहत राह्यली. मंग म्हणाली, "सर, मी खेळू शकतो. पाहा." तिनं डाव्या पायावर तीन उड्या मारल्या. तिसरीले तोंड वाकडं झालं, पण पाय टिकला. "अन् सर, खालचं बी वाचा न. पुढं लिवलं आहे."

"आगे का तो अंदाज़ है बेटा," सर गोड आवाजात म्हणाले. "यह ऊपर का देखा हुआ है. हिरालाल झूठ लिखता है क्या? क्यों हिरालाल, देखा है न तुमने?"

साऱ्या पोरी वळल्या. संघमित्रा बी वळली. हिरालालच्या हातात पोछा होता.

"जी सर," तो म्हणाला. "देखा है."

"बस. ईमानदार आदमी है. मैं रिस्क नहीं ले सकता, लड़की की टाँग का सवाल है."

हिरालाल कोर्ट पुसू लागला. पुसलेलीच जागा त्यानं पुन्हा पुसली.

मॅच बालाघाट हरलं. एकेचाळीस, अठ्ठावन्न. रूपालीले जे दोन पॉइंट भेटले, ते समोरच्या पोरीच्या फाउलवर. संघमित्रा पूर्ण ड्रेस घालून, बूट बांधून, चाळीस मिनिटं बेंचवर बसली. सिलेक्टरांनी मलाजखंडच्या तिघी घेतल्या. यजमान कॉलेजची एक तरी घ्यावी अशी रीत, म्हणून रूपाली घेतली. सहा नंबर कोण, हे त्यायनं विचारलं नाही. जी खेळलीच नाही तिचा नंबर विचारते कोण.

बक्षिसाच्या टायमाले राजेंद्र सरांनी माइकवर हिरालालचं नाव घेतलं. "ऐसा निष्पक्ष कर्मचारी, जिसने अपनी सगी भतीजी के बारे में भी सच लिखा." टाळ्या पडल्या. हिरालालले स्टेजवर बोलावलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. नाही म्हणता आलं असतं. त्यानं मान वाकवली अन् शाल घेतली.

घरी आला तं संघमित्रा ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. त्यानं शाल बगलेत दाबली होती, ती दिसतच होती.

"मोठेबाबा," ती म्हणाली, आवाज चढवला नाही, "सरनं विचारलं तवा तुमी 'देखा है' म्हणलं. 'खेल सकती है' म्हणाले काय झालं होतं?"

"ते विचारलं नाही त्यानं."

"म्या तरी कुठं विचारलं होतं तुमाले? तरी पाह्याले आलते न. पोलमागं उभे राहून."

"दिसलं ते लिवलं, मित्रा. आजवर तसंच…"

"दिसलं नाही. तुमाले आधीच माहीत होतं. माहीत होतं म्हणून पाह्याले आलते."

हिरालालनं हातातला नारळ ओट्यावर ठेवला. रुख्माबाई घरातून पाण्याचा गडवा घेऊन आली. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, ती सरळ बोलत नसे, पोरीकडं पाहून बोलत असे.

"भासऱ्यायची इमानदारी लय मोठी आहे बाई," ती म्हणाली. "घरात मावत नाही. बाहेर नेऊन वाटा लागते."

संघमित्रानं बूट दोरीवर टांगले अन् आत गेली.

दिवाळीच्या आधी गुडघा बरा झाला. डॉक्टर म्हणाला, काही मोठं नव्हतं, त्या दिवशी पट्टी बांधून खेळली असती तं चाललं असतं. परीक्षा झाल्यावर पोरगी लालबर्र्याच्या एका राइस मिलच्या ऑफिसात लागली. सकाळच्या बसनं जाते, अंधारता येते. मोठेबाबाले जेवण वाढते, काय पाह्यजे ते विचारते, भाजी सरली तं सांगते. बाकी बोलत नाही. कोर्टाच्या रस्त्यानं बस जाते, पण ती दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसते, असं महागूनं एकदा पाह्यलं अन् हिरालालले सांगतलं. महागू असं काही सांगाले विसरत नाही.

पुढच्या टुर्नामेंटले लोक वाट पाहत होते का हिरालाल आता फळा लिहिणं सोडते. त्यानं सोडलं नाही. पाच वाजता खडू घेतला, वारासिवनी अन् मलाजखंड लिहिलं, टाइम लिहिला. मलाजखंडची ज्योत्स्ना पास होऊन कॉलेजातून गेली होती, तिच्या जागी आलेली पोरगी बॉल पकडतानी डोळे मिटते, हे त्यानं दुपारीच पाह्यलं होतं. वारासिवनीची कॅप्टन चिडली का फाउल करते, हे बी पाह्यलं होतं. पोट्ट्या मागं उभ्या राहून वाचत होत्या. त्यानं लिहिलं:

'दोन्ही टीम मजबूत आहेत. मॅच रंगतदार होईल.'

"हे काय लिवलं गा?" महागू म्हणाला. "असं तं पेपरवाले बी लिवतात."

"हौ," हिरालाल म्हणाला, अन् हात झटकले.

राजेंद्र सर येऊन वाचून गेले. बहुत बढ़िया, म्हणाले. हिरालालसारखा इमानदार माणूस नाही, हे कॉलेजात अजून बी म्हणतात.