न तुटणारी दोरी

नव्या दोरीचा मेणचट वास आला की मला परळमधलं मासेमारीच्या सामानाचं ते दुकान आठवतं. रिटायर झालेले बाबा मित्रांबरोबर बोटीने खोल समुद्रात मोठी सुरमई धरायला निघाले होते, आणि बायपासला जेमतेम वर्ष झालेलं म्हणून खरेदीला मी सोबत गेले होते. दुकानदाराने विणलेल्या दोरीचं रीळ पुढे ठेवलं. दोरी शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक होती. "केवढाही मासा ओढू दे, तुटणार नाय. फक्त हाताला गुंडाळू नका काका, बोट कापेल," तो म्हणाला. गावी बाबा गरीची दोरी हातालाच गुंडाळायचे, ते मला आठवलं. "याहून कच्ची नाही का? मासा जड झाला की तुटेल अशी?" मी विचारलं. बाबा चिडले. "तुटणारी नेऊ कशाला? बाजारातनंच आणतो ना सुरमई!" शेवटी तीच घेतली. रविवारी दिवसभर त्यांचा फोन लागला नाही आणि लालबागच्या घरात मी खिडकी सोडून हलले नाही. संध्याकाळी ते रिकाम्या हाताने आले. मी आधी त्यांची बोटं पाहिली. "लागला होता गो मोठा," चपला काढत ते म्हणाले, "पण ओढायचा थांबेचना. छातीत धडधडायला लागलं, मग मीच सुरीने दोरी कापली." पाणी आणायला म्हणून मी आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाबा अजूनही जातात. ते निघाले की मी फक्त एवढंच विचारते, सुरी घेतलीत ना?