सोमवारी सकाळी सहाला ये

धुळ्यात लोक मला विचारतात, "फौजेत होतात ना? मग किती गोळ्या झाडल्या?" खरं उत्तर असं, की फायरिंग रेंजच्या बाहेर एकही नाही. मी इन्फंट्री बटालियनमध्ये ईबीआर होतो. इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर. साध्या मराठीत मोची. हे ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो विषय बदलून पावसापाण्याचं बोलायला लागतो. बावीस वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्या बावीस वर्षांतल्या एका रविवारबद्दल मला सांगायचं आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची कंपनी उत्तर काश्मीरमधल्या एका बेसवर चढली. उंची दहा हजार फुटांच्या वर. बर्फ पडून रस्ता बंद झाला की एप्रिलपर्यंत खालून काही येत नाही. जे आहे त्यातच भागवायचं. माझा बंकर लंगरला, म्हणजे स्वयंपाकघराला लागून होता. आत ऊब देणारी एक बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, एक लाकडी ठोकळा, लोखंडी पाय, आरी, दाभण, मेणाचा दोरा, सोल चिकटवण्याचं सोल्यूशन. सकाळी पाच-तीसला उठायचं, सहाला काम सुरू. दिवसाला दहा-बारा जोड्या. नवा बूट इश्यू झाला की त्याच्या जिभेवर जवानाच्या आर्मी नंबरचे शेवटचे तीन आकडे रंगवायचे, हेही माझंच काम. शंभरावर माणसांचे आकडे मला तोंडपाठ होते.

रविवारी मात्र मी आरीला हात लावत नसे. हे सगळ्या कंपनीला माहीत होतं आणि कंपनी कमांडरनी ते चालवून घेतलं होतं. याचं कारण माझे वडील. ते धुळ्यात स्टँडजवळ फुटपाथवर बसत. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम करणारं, आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. वडील म्हणायचे, "तुझ्या आजाला गावात कोणीही, कधीही हाक मारायचं. जेवताना ताटावरून उठवायचं. 'आज नाही' म्हणायची सोय आपल्याला देवानं दिली, शमुवेल." म्हणून रविवारी पेटी बंद. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी बंद. पण सोमवारी तीच पेटी उघडताना ते तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. प्रभूनं तीस वर्षं सुताराचा रंधा मारला आणि तीनच वर्षं उपदेश केला, तेव्हा हातातलं काम हलकं समजू नकोस, असं त्यांचं गणित होतं. मी त्यातलं रविवारचं तेवढं घट्ट धरलं. बाकीचं नंतर, फार उशिरा कळलं.

कंपनीत खान्देशातला दुसरा माणूस नाईक सुदाम. अमळनेर तालुक्यातला, वय एकतीस, अंगानं आडवा, पायाचा नंबर अकरा. अकरा नंबरची दुसरी जोडी स्टोअरमध्ये नव्हती. आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीत बोलायचो, कारण तिथं ती दुसऱ्या कोणाला कळत नव्हती आणि सुभेदारसाहेबांची टिंगल करायला सोयीची होती. तो मला "दादा" म्हणायचा.

त्या रविवारी १६४० वाजता तो बंकरच्या दारात आला. डावा बूट हातात. सोल पुढून सुटला होता, दोन बोटं आत जातील एवढा.

"दादा, बूटनं तोंड उघडी गयं. जरा शिवी दे ना."

मी प्रार्थना करून उठलो होतो. म्हणालो, "आज ऐतवार शे."

"माहीत शे माले. पन सकाय पेट्रोल शे ना, गस्तले जानं शे."

"कितीले?"

"दहाले."

"मंग सकाय सहाले ये. आठपर्यंत करी देसू."

तो हसला. "चाली जाई," म्हणाला आणि गेला. काम चाळीस मिनिटांचं होतं. मी वेळ सांगतो आहे कारण नंतर मी ती अनेकदा मोजली.

१९३० वाजता हवामानाचा मेसेज आला. सोमवारी दुपारनंतर बर्फ. पेट्रोलची वेळ बदलली, दहाऐवजी पहाटे पाच. पलीकडच्या पोस्टपर्यंत जाऊन अंधाराआधी परत यायचं होतं. मला हे कुकनं सांगितलं. डेगची धुताना बाहेरूनच ओरडला, "उस्ताद, पेट्रोल अब पाँच बजे निकलेगी. चाय साढ़े चार बजे."

म्हणजे मला माहीत होतं. सुदामचा बंकर साठ पावलांवर होता. मी विचार केला, गरज असेल तर तो येईल. मी कशाला जाऊ? ज्याचं काम त्यानं यावं. मी ब्लँकेट ओढून घेतलं आणि झोपलो. मला झोपही चांगली लागली, हे लिहिताना आजही लाज वाटते.

पेट्रोल ०५०० वाजता निघाली. सुभेदारसाहेब आणि सात जवान. मी सहाला दुकान उघडलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

११२० वाजता मी वायरलेस बंकरमध्ये ऑपरेटरचं पाऊच शिवून द्यायला गेलो होतो. सेट खरखरला.

"अल्फा फॉर अल्फा टू. एक आदमी स्लिप हुआ है. नाले की तरफ. ओव्हर."

"अल्फा टू, हालत बताओ. ओव्हर."

"नीचे दिख रहा है. हिल नहीं रहा. ओव्हर."

"नंबर बताओ. ओव्हर."

वायरलेसवर नाव घेत नाहीत. शेवटचे तीन आकडे सांगतात. आकडे आले आणि ऑपरेटर यादीत बोट फिरवू लागला. मला यादी लागली नाही.

कंपनी कमांडर मेजर होते, वय तिशीचं, बोलणं मोजकं. रेस्क्यू पार्टी उभी केली. मी पुढे झालो. "तू ट्रेड्समन आहेस," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, स्ट्रेचर उचलू शकतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. १२०५ ला निघालो. १४१० ला नाल्यात उतरलो. बर्फ सुरू झाला होता. सुदाम अजून श्वास घेत होता. त्याला वर आणताना मी स्ट्रेचरचा डावा मागचा दांडा धरला होता, त्यामुळे दोन तास माझ्या डोळ्यांसमोर त्याचे पायच होते. डाव्या बुटाला त्यानं नायलॉनच्या दोरीचे तीन वेढे मारले होते. गाठ नीट होती. सोल आता अर्ध्यापर्यंत सुटला होता आणि तळाखालची दोरी बर्फानं गुळगुळीत झाली होती.

१५५० वाजता नर्सिंग असिस्टंटनं थांबायला सांगितलं. त्यानं नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, चला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी सांगितलं, की रविवारी तो बूट घेऊन आला होता आणि मी परत पाठवला. मेजरसाहेबांनी लिहून घेतलं. त्याच उतारावर आणखी तिघं घसरले होते, त्यांचे बूट धड होते. शेवटी साहेब म्हणाले, "शमुवेल, बुटामुळे झालं असं म्हणता येत नाही. बुटामुळे झालं नाही, असंही म्हणता येत नाही." कागदावर कारण आलं, बर्फावरून घसरून. कुकनं मला वेळ सांगितली होती, हे मी तिथे बोललो नाही. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढची आठ वर्षं मी एकही रविवार बंद ठेवला नाही. नाताळलाही नाही. रजेवर घरी आलो तर शेजाऱ्यांच्या चपला गोळा करून आणायचो. बायको म्हणायची, "बसा की जरा." मी बसत नसे. कमांडिंग ऑफिसरनी दोनदा पाठ थोपटली. युनिटमध्ये नाव झालं, असा कामाचा माणूस नाही म्हणून. मला त्या कामाचा वीट आला होता. टाका घालायचो तेव्हा समोरच्या जवानाचा चेहराही मी बघत नसे. नुसते बूट यायचे आणि बूट जायचे.

निवृत्त झालो आणि औजारांची पेटी माळ्यावर टाकली. धुळ्यात एका कपड्यांच्या शोरूमच्या दारात गार्डची नोकरी धरली. निळा युनिफॉर्म, प्लास्टिकची खुर्ची, काचेचं दार. आलेल्याला दार उघडायचं, गेलेल्याच्या मागे लावायचं, आणि खरं तर दार आपोआप उघडत होतं. दोन वर्षं मी तिथं बसलो. वजन वाढलं, साखर वाढली, चिडचिड वाढली. खाऊनपिऊन सुखी माणूस, असं लोक म्हणायचे. मला सकाळी उठावंसं वाटत नव्हतं.

आमच्या चर्चचे पास्टर मिशनच्या दवाखान्यातही जातात. तिथं कुष्ठरोगातून बरे झालेले आणि मधुमेहाचे रुग्ण येतात. त्यांच्या तळपायांना काही कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि मग पाय कापावा लागतो. त्यांना मऊ रबराची, पायाच्या मापानं बनवलेली चप्पल लागते. ती बनवणारा कारीगर म्हातारा होऊन गावी गेला होता. पास्टरांनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, कुकचं ओरडणंसुद्धा.

मला वाटलं, ते म्हणतील देव क्षमा करतो. तसं ते लगेच म्हणाले नाहीत. म्हणाले, "त्या रविवारी तू विसावा घेतला नाहीस, तू हट्ट केलास. आणि नंतर आठ वर्षं काम केलं नाहीस, शिक्षा भोगलीस. कामात समोर माणूस असतो, शमुवेल. शिक्षेत फक्त आपणच असतो." मग विचारलं, "त्याच्या घरी गेलास का कधी?"

गेलो नव्हतो.

एसटीनं अमळनेर, तिथून रिक्षा. सुदामचं घर गावाच्या कडेला, दारात कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग. त्याची बायको मंगला शेतातून नुकतीच आली होती. पाय धूत होती. मी नाव सांगितल्यावर तिचा तांब्या हातातच राहिला. तिनं खाट टाकली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. बूट, ऐतवार, साठ पावलं, आणि वेळ बदलल्याचं मला माहीत होतं ते.

ती म्हणाली, "माले माहीत शे."

रविवारी बेसवर फोनचा नंबर लागायचा, प्रत्येकाला दोन मिनिटं. त्या संध्याकाळी आठच्या सुमारास सुदामचा नंबर लागला होता.

"त्यासनी माले फोनवर सांगेल व्हतं. बूट फाटना म्हने, पन उस्तादना ऐतवार शे. बठ्ठा कंपनीमा तो एकच माणूस देवले एक दिन देस. मी त्याले परत सांगाव नही."

मी वाट बघत होतो त्यानं यावं म्हणून, आणि तो माझा मान राखत होता.

"आठ-नऊ वरीस मी तुमले शाप दिन्हात, भाऊ," मंगलावहिनी म्हणाली. "रोज. आते दमी गयी."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. मागायचं धैर्य नव्हतं. तिनं चहा ठेवला. चुलीकडे तोंड करून विचारलं, "आते काय काम करतस?"

"दुकानना दारवर बसस."

"नुसता बसतस?" ती वळली. आवाज पहिल्यांदा चढला. "हात धड शेतस ना तुमना? मन्हा माणूसना हात बी धड व्हतात."

चहा गोड होता. तो मी पूर्ण प्यायलो आणि शेवटच्या एसटीच्या आधी निघालो. दुसऱ्या दिवशी शोरूमला युनिफॉर्म परत केला.

आता मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतो. आधी पाय हातात घ्यायचा, कागदावर ठेवायचा, पेन्सिलीनं भोवती रेघ काढायची. जिथं जखम होती तिथं रबर कोरून खड्डा ठेवायचा, म्हणजे भार पडत नाही. चोपड्याकडून सातपुड्याच्या पायथ्याची एक म्हातारी अक्का येते, तिच्या पायाला तीनच बोटं उरली आहेत. मागच्या उन्हाळ्यात जळक्या लाकडावर पाय पडला आणि तिला वास आल्यावर कळलं. तिची चप्पल मी चार वेळा उसवून पुन्हा बनवली. बरोबर बसली तेव्हा ती म्हणाली, "आते ठीक शे," आणि चालत गेली. मी दारापर्यंत जाऊन तिची चाल बघत राहिलो. त्या दिवशी मला घरी जाऊन भूक लागली, चांगली सणकून लागली. बायकोनं काही न बोलता आणखी एक भाकरी टाकली.

असं सगळे दिवस होत नाहीत. बरेचदा पाय उशिरा येतो आणि चपलेचा उपयोग नसतो. सुदामही कुठे जात नाही. नोव्हेंबर लागला की डाव्या दांड्याचं वजन खांद्यावर येतं आणि महिनाभर राहतं. काम केल्यानं ते उतरतं, असं मी कोणाला सांगणार नाही. कामानं एवढंच होतं, की ते वजन घेऊन उठता येतं.

रविवारी मी पुन्हा सुट्टी घेतो. वडिलांचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त शनिवारी संध्याकाळी मी खोलीत बसून कोणी येण्याची वाट बघत नाही. स्वतः वॉर्डातून फिरतो, प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारतो, कोणाचं काही राहिलं आहे का. राहिलं असेल तर रात्र झाली तरी ते करून मगच घरी जातो.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी आमच्या चर्चमध्ये वारलेल्या माणसांची नावं वाचतात. नावं आधी चिठ्ठीवर लिहून द्यायची असतात. मी पहिल्यांदा सुदामचं नाव दिलं, तेव्हा उपासना संपल्यावर पुढच्या बाकावरच्या आबांनी मला थांबवलं.

"हे सुदाम कोण? आपल्या मंडळीतले होते का?"

"नाही, आबा."

"मग नात्यातले?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे काम घेऊन आला होता."