तिच्या दाराच्या किल्ल्या

दार उघडल्यावर तिला आधी पडदा दिसला. निळा, फुलाफुलांचा, वहिनीच्या हॉलमधून उतरवलेला. सकाळी कामाला निघताना ती खिडकी उघडीबोडकी होती आणि तिला तशीच आवडत होती. ओट्यावर झाकलेला डबा. कोपऱ्यात दादाच्या घरचं लोखंडी कपाट, त्यात तिचे कपडे घड्या घालून लावलेले. आतले कपडेसुद्धा.

कुलूप तर शाबूत होतं. म्हणजे कुणाकडे तरी किल्ली होती.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पायांतल्या चपला न काढता तिने दार पुन्हा ओढून घेतलं.

ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं, म्हणून सगळे तिला कवळीताई म्हणत. आधी काही वर्षं ती मोठ्या शहरात होती. तिथे एकदा तापाने फणफणून पडली, तेव्हा भिंतीपलीकडून टीव्हीवरचं हसणं ऐकू येत राहिलं, पण तिचं दार कुणी वाजवलं नाही. बरी झाल्यावर सामान बांधून ती परत आली. इथे औषधवाला चेहरा बघूनच विचारतो, आज काय होतंय. कामावर रमतगमत चालत जाता येतं. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. हे सगळं तिला मनापासून हवं होतं.

मात्र दादाच्या घरात तिच्या वाट्याला मधली खोली आली. बाथरूमला जायचं तर सगळ्यांना तिच्या उशाशेजारूनच जावं लागे. डोळे मिटूनही कोण उठलं ते तिला चपलांवरून कळायचं. शेवटी चाळिशी उलटल्यावर तिने ही भाड्याची खोली शोधली. घरमालकिणीने आधी दादाला फोन केला आणि मगच होकार दिला. तो अपमान तिने गिळला, कारण दाराला लागणारं कुलूप तिचं होतं.

किल्लीवाले काका जिन्याखालच्या आपल्या टपरीत कानस घासत बसले होते.

"काका, माझ्या खोलीची किल्ली कुणाला दिलीत?"

"दादाला की." काका मान वर न करता म्हणाले. "तू जास्तीची किल्ली करून घ्यायला आली होतीस ना, तेव्हाच आणखी दोन घासून ठेवल्या. एक त्याला, एक वहिनीला."

"त्याने मागितल्या होत्या?"

"मागायला कशाला हव्यात? परवा इथून चालला होता, हाक मारून दिल्या. एक पैसा घेतला नाही हो!"

"किल्ली मी आणली होती, काका. मी."

"अगं, परक्याला दिली असती का? भाऊच आहे ना तुझा? उगाच चिडू नकोस, बीपी वाढेल."

"बरं. तुमची नवी कवळी तयार झाली की शेजारच्या घड्याळवाल्याला देऊन ठेवते. तोही काही परका नाही. तोच घालेल!"

काका खो-खो हसले. तिनेच बसवलेले वरचे दात लखलखले, आणि ती आणखीच भडकली.

दादाचं विजेच्या सामानाचं दुकान चौकात होतं. ऐन संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी होती. दादा एका पंख्याचं पातं पुसत होता. तिला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"आवडलं का कपाट? हमालाने पार जीव काढला माझा."

"किल्ली दे, दादा."

तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. "आत ये. आत बोलू."

"नाही. इथेच."

बल्ब तपासून घेणारी बाई बल्ब हातात धरून तशीच उभी राहिली.

"अगं, काळजीपोटी केलं," दादा पुटपुटला. "तिकडे तापात पडली होतीस तेव्हा कोण आलं होतं बघायला? उद्या इथे काही झालं तर आम्ही काय दार फोडायचं?"

हे खरं होतं. ते खरं असल्यामुळेच तिला जास्त झोंबलं.

"आलं नाही कुणी. म्हणून तर मी परत आले. तुम्ही दाराबाहेर आहात, एवढं मला पुरे होतं. तू माझ्या कपाटात हात घातलास!"

"मी नाही, वहिनीने लावले कपडे."

"मी सांगितलं होतं?"

"हळू बोल. उद्या गावभर होईल."

"होऊ दे! त्यासाठीच इथे बोलतेय." ती गिऱ्हाइकांकडे वळली. आवाज तिने खाली येऊ दिला नाही. "सगळ्यांनी ऐका. माझ्या खोलीची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडेही असणार नाही. कुणाकडे दिसली तर ती मी दिलेली नाही."

दादाने जुडग्यातून किल्ली काढायला घेतली. कडी घट्ट होती, त्याचं नख उलटलं. लहानपणी तो असाच गप्प व्हायचा, ओठ आत ओढून. तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही राग आला. त्याने काउंटरवर ठेवलेली किल्ली उचलून ती वहिनीकडे निघाली.

वाटेत तिने भांडणाची जुळवाजुळव केली. मधली खोली, चपला, पडदा, सगळं काढायचं होतं. पण वळणावरूनच दिसलं, वहिनी फाटकात उभी होती, पुढे केलेल्या हातात किल्ली.

"चार जणांचे फोन आले," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "तू दुकानातून निघायच्या आधीच. तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस आम्हाला."

"मलाही कुठे होती जागा, वहिनी?"

वहिनी किल्ली सोडेना. थंड धातूवर दोघींची बोटं क्षणभर तशीच राहिली.

"आणि आजारी पडलीस तर?"

"तर या. दार वाजवा." तिने किल्ली ओढून घेतली. "जीव जात असला तरी सरपटत येईन, पण आतून मी उघडेन."