ताईच्या प्रबंधातल्या बुडालेल्या कंपन्या

माझी ताई कॉलेजात अकाउंट्स शिकवते आणि घरी शहाणपण. चाळिशी उलटल्यावर तिने पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं. कंपनीने स्वतःचं भांडवल किती घालावं, कर्ज किती काढावं आणि त्याचा तिच्या शेअरच्या भावावर काय परिणाम होतो, हा विषय. आमच्या घरात आजवर कुणी एक शेअर घेतलेला नाही, त्यामुळे सल्ले द्यायला सगळेच पुढे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने वीस वर्षांचे आकडे लॅपटॉपवर चढवले. उत्तर झकास आलं: जास्त कर्ज काढलेल्या कंपन्यांचे शेअर जास्त वाढले होते. तिच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. विद्यापीठाची शेवटची मुदत महिन्यावर आली होती. ती हुकली की नोंदणी रद्द आणि सगळी मेहनत पाण्यात.

हे ऐकून बाबा मात्र हिरमुसले. रंगाच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती आणि तो कर्जापायीच बंद पडला होता. वाद न घालता त्यांनी एवढंच विचारलं, "आमची कंपनी कुठं आहे यात? नाव तरी दाखव."

ताईने शोधलं. नाव नव्हतं, आणि असणार तरी कसं? आज बाजारात चालू असलेल्या कंपन्या घेऊन तिने त्यांचे मागचे आकडे गोळा केले होते. कर्जात बुडालेल्या त्यात आल्याच नव्हत्या. नदी पार केलेल्यांनाच पाण्याची खोली विचारावी, तसलं हे झालं.

मी म्हटलं, कुणाच्या लक्षात येतंय, देऊन टाक. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मॅडमकडे जाऊन तिने स्वतःच चूक सांगितली. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच मुदतवाढीसाठी खटपट केली. सहा महिने मिळाले. बंद कंपन्यांचे जुने अहवाल लायब्ररीतून हुडकून काढायच्या कामाला मलाही जुंपलं.

नवं उत्तर पहिल्याइतकं झकास नव्हतं. कर्ज एका मर्यादेपर्यंत कंपनीला वर नेतं, त्यापुढे शेअरसकट बुडवतं. परीक्षकांना नेमकं तेच आवडलं. ताईचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, पण तिला सांगायची सोय नाही, डोक्यावर बसेल.

प्रबंध बांधून घरी आला तेव्हा बाबांनी शेवटच्या पानांवरची कंपन्यांची यादी उघडून बोट फिरवत आपली कंपनी शोधली. बराच वेळ त्या नावावरून बोट हललं नाही.

"चला," ते म्हणाले, "आमची हजेरी लागली."