उस्मानभाईंच्या शिकण्याचा खर्च

उस्मानभाई सरळ छापलेला कागद हाती घेतला की क्षणभर अडखळत. छापखान्यातल्या खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, डोळ्यांना तीच सवय. "सुलटं वाचाले मले येळ लागते, मास्तर," म्हणत. मी चिखलीच्या शाळेत मास्तर होतो. परीक्षेचे कागद त्यांच्याकडेच छापायला नेत असे.

वडिलांचा धंदा कापूस पिंजण्याचा. तो सोडून उस्मानभाई दोन वर्षं नागपूरला छपाई शिकले. पगार नाहीच, वर शिकवणाऱ्याला पैसे. मग बायकोच्या बांगड्या मोडून जुनं यंत्र आणलं. बाजाराच्या पावत्या, लग्नपत्रिका असं काम वाढत गेलं आणि तिसऱ्या वर्षी इन्कमटॅक्सची नोटीस आली.

लोक म्हणाले, दोन वह्या ठेव, एक खरी, एक साहेबाला दाखवायची. "एक मानूस, एक वही," उस्मानभाई म्हणाले. ती घेऊन ते गावात कॅम्पावर आलेल्या इन्कमटॅक्सच्या साहेबांपुढं बसले. शेजारी मी होतो.

साहेबांनी शांतपणे पानं चाळली. पहिल्याच पानावर नागपूरला शिकण्याचा आणि यंत्राचा खर्च मांडला होता. "धंदा सुरू होण्याआधीचा खर्च धरता येत नाही. शिकलात ते स्वतःसाठी. यंत्र हे भांडवल, त्याची झीज तेवढी मिळेल."

"साहेब, शिकलो नसतो तं धंदा सुरू कसा झाला असता?"

"खरं आहे. पण कायद्यात तसं नाही."

बाहेर आल्यावर मीच पेटलो. म्हणालो, वर अपील करू.

"राहू द्या, मास्तर. मोठ्याच्या दारात गेलं का आपलीच चप्पल जाते."

मी ऐकलं नाही. त्यांचा खरेपणा दिसावा म्हणून खर्चाची बारीकसारीक यादी देऊन चार पानी अर्ज लिहिला. वरच्या कचेरीनं तो नीट वाचला. छापखान्याच्या खोलीचं छप्पर आणि यंत्राचं गाडीभाडं हेही भांडवलच, पण उस्मानभाईंनी ते चालू खर्चात टाकलं होतं, ते माझ्याच यादीतून उघड झालं. तोही खर्च नामंजूर झाला, मागच्या वर्षांचे हिशेब उघडले गेले आणि कर वाढला.

यंत्र खामगावच्या एका छापखान्याला विकावं लागलं. उस्मानभाईही त्याच्यामागं तिथंच नोकरीला गेले. तिथं त्यांनी दोघांना काम शिकवलं, फुकट. नजर अधू झाली तेव्हा मालकानं त्या दोघांना ठेवलं, यांना घरी पाठवलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. खोकल्यानं बोलणं तुटत होतं. इतक्या वर्षांनी मी म्हणालो, "तो अर्ज मी लिहायला नको होता."

"नव्हताच लिव्हाचा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. खोकला थांबल्यावर पुढं म्हणाले, "पण लिव्हला चांगला व्हता तुमी. सारं साफ समजत व्हतं."

आठवड्याभरात ते गेले. ते रागावले असते, तर मला थोडं तरी हलकं वाटलं असतं.